प्रा. मधु दंडवते आणि कोकणची आगगाडी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आपल्या भागाच्या इतिहासावर काहीतरी लिहावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा प्रथम मी संकोचलो. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि उभे आयुष्य कापडाच्या ताग्यांत गेलेले. इतिहासलेखन हा माझा प्रांत नव्हे. तथापि कणकवलीच्या बाजारपेठेत बसून गेल्या चार-साडेचार दशकांत एक स्थित्यंतर मी डोळ्यांनी पाहिले, आणि ज्या लोकप्रतिनिधीच्या संसदीय परिश्रमांचा त्यात मोठा वाटा होता त्याच्याविषयी माझ्या मनात एक ऋण आणि एक रुखरुख अशा दोन्ही गोष्टी आहेत. त्या यथामती मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

आजच्या तरुण पिढीला कोकणात रेल्वे नव्हती ही गोष्ट सांगून खरी वाटत नाही. मुंबई-ठाण्याची पहिली आगगाडी १८५३ साली धावली. पुढे ती घाट चढून पुण्याला गेली, सोलापूरला गेली, मिरज-कोल्हापूरला पोहोचली. परंतु ज्या मुंबईच्या गिरण्या कोकणच्या मनुष्यबळावर चालल्या, त्या कोकणात शिरायला तिला जवळजवळ दीडशे वर्षे लागली. आमच्या वडीलधाऱ्यांच्या काळी मुंबई गाठायची ती बोटीने. वेंगुर्ले, मालवण, देवगड, विजयदुर्ग, जयगड, दाभोळ अशी बंदरे घेत आगबोट भाऊच्या धक्क्याला लागे. पावसाळ्यात दर्या खवळला की ती वाहतूक बंद. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे दगावली. त्या दुर्घटनेची नुसती आठवण निघाली तरी जुनी माणसे बोलायची थांबत. पुढे बोटसेवा बंद पडली आणि एस.टी. व मालमोटार यांवाचून कोकणाला अन्य वाहन उरले नाही.

आमच्या दुकानात माल दोन दिशांनी येई. इचलकरंजीचे लुगड्या-धोतरांचे आणि चादरींचे सूत-कापड फोंडा घाटाने उतरे, आणि तयार तागे मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटमधून गोवा महामार्गाने येत. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, जून महिन्यात शाळेच्या गणवेशाच्या खाकी आणि पांढऱ्या कापडाची वाट पाहत दुकानाच्या पायरीवर उभे असत. कशेडी घाटात दरड कोसळली की गाठी चार-चार दिवस वाटेत अडकायच्या. एका वर्षी ताडपत्री नीट न बांधल्यामुळे सगळी गाठ भिजून आली. वाहतूकदाराने हात वर केले, आणि पांढऱ्या कापडावर पडलेले तांबूस डाग घेऊन आम्ही तो माल निम्म्या भावाने फुंकला. शाळा तर सात जूनला सुरू झालेल्या होत्या. अण्णा त्या दिवशी फक्त एवढेच म्हणाले, "आगगाडी असती तर."

हे 'आगगाडी असती तर' कोकणात घरोघरी म्हटले जाई. या विषयाचा ध्यास घेणाऱ्यांत वालावलच्या अ. ब. वालावलकरांचे नाव प्रथम घेतले पाहिजे. कोकणातून रेल्वे जाऊ शकते हे पटवून देण्यासाठी त्यांनी हयात वेचली. संसदेत हा आवाज उठवला तो बॅरिस्टर नाथ पै यांनी. वेंगुर्ल्यात १९२२ साली जन्मलेले नाथ पै १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुकांत राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर गेले. त्यांचे वक्तृत्व ऐकण्यासाठी प्रतिपक्षाचे सदस्यही सभागृहात थांबत, असे सांगतात. त्यांच्या काळात दिवा-पनवेल मार्ग झाला, तो आपट्यापर्यंत आला. परंतु दक्षिणेकडे सरकेना. १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगाव येथे त्यांचे अकाली निधन झाले. अवघे अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. पुढच्या दोन महिन्यांतच लोकसभेची मध्यावधी निवडणूक आली आणि राजापूरच्या रिकाम्या जागेसाठी समाजवाद्यांनी एका प्राध्यापकाला उभे केले.

प्रा. मधु दंडवते मूळचे कोकणचे नव्हेत. त्यांचा जन्म २१ जानेवारी १९२४ रोजी अहमदनगर येथे झाला. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात ते पदार्थविज्ञान शिकवीत. १९५५ च्या गोवा मुक्ती सत्याग्रहात त्यांनी पोर्तुगीज पोलिसांचा मार खाल्लेला होता. १९७० साली ते महाराष्ट्र विधान परिषदेवर निवडून आले होते. १९७१ ची निवडणूक 'गरिबी हटाव'च्या लाटेची होती आणि देशभर विरोधी पक्षांची धूळधाण झाली. तरीही राजापूरने दंडवत्यांना निवडले. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन. पेठेतून गेलेल्या मिरवणुकीपेक्षा मला त्यांचा जाड चष्मा अधिक आठवतो.

येथे थोडे थांबून, खासदार नेमके काय करतो हे सांगितले पाहिजे. कारण आपल्याकडे खासदार म्हणजे समाजमंदिराला निधी देणारा गृहस्थ अशी समजूत रूढ झाली आहे. स्थानिक विकास निधीची योजना १९९३ साली आली. दंडवते राजापूरचे खासदार होते त्या वीस वर्षांत खासदाराच्या हाती वाटण्याजोगा एक पैसा नव्हता. त्याच्या हाती होते ते शब्द आणि सभागृहाचे नियम. सकाळी अकराच्या ठोक्याला प्रश्नोत्तराचा तास. त्यात तारांकित प्रश्न विचारला तर मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते आणि पुरवणी प्रश्नांना तोंड द्यावे लागते. नियम ३७७ खाली मतदारसंघाची तातडीची गाऱ्हाणी मांडता येतात. आणि रेल्वेचा अर्थसंकल्प त्या काळी सर्वसाधारण अर्थसंकल्पाहून वेगळा मांडला जाई. १९२४ पासून चालत आलेली ही प्रथा २०१७ मध्ये बंद झाली. त्या रेल्वे अर्थसंकल्पाच्या मागण्यांवर कपात सूचना देता येई. मागणीच्या कोट्यवधी रकमेतून 'शंभर रुपये कमी करावेत' असा तो प्रस्ताव असतो. आम्हा व्यापाऱ्यांना ही गंमत चटकन कळते. शंभर रुपयांची कोणालाच पर्वा नसते; त्या निमित्ताने हिशेबाच्या वहीवर बोट ठेवून 'ही रक्कम का खर्चली नाही' असे विचारण्याचा हक्क मिळतो, हे त्यातले मर्म.

दंडवते या साधनांत निष्णात होते. शिक्षकाचा पिंड असल्याने ते आकडेवारी पाठ करून येत. नियमांवर बोट ठेवीत आणि बोचकारा काढायचा तो विनोदाने काढीत. त्यांच्या भाषणांतला कोकण रेल्वेचा धागा पाहिला तर एकच युक्तिवाद पुन्हा पुन्हा निरनिराळ्या अंगांनी येतो, आणि तो युक्तिवाद समजून घेतल्याखेरीज या लेखाचा विषय समजणार नाही.

रेल्वे खात्याचे म्हणणे हिशेबी होते. नवा मार्ग घालायचा तर गुंतवलेल्या रकमेवर ठराविक टक्के परतावा मिळाला पाहिजे. कोकणात कारखाने नाहीत, कोळसा नाही, मोठी बाजारपेठ नाही. आंबा वर्षातून दोन महिने, काजू थोडा, मासळी नाशवंत. शिवाय डोंगर फोडायचे, खाड्यांवर पूल बांधायचे. म्हणजे खर्च दुप्पट आणि वाहतूक निमपट. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून सांगतो, त्या वेळी मी हा प्रस्ताव तपासला असता तर मीही नकाराचाच शेरा मारला असता. दंडवत्यांचे उत्तर असे की, वाहतूक नाही म्हणून रेल्वे नाही आणि रेल्वे नाही म्हणून वाहतूक नाही, हे चक्र कोठेतरी सरकारनेच तोडायचे असते. मागास भागातील मार्गाला परताव्याचा तोच गज लावणे म्हणजे आजाऱ्याला आधी धावून दाखव, मग औषध देतो असे म्हणण्यापैकी आहे. (हा दृष्टांत माझा, प्राध्यापक महोदयांचा नव्हे.) कोकणातून मुंबईला जाणारा माणूस हीच कोकणची सर्वांत मोठी निर्यात आहे आणि त्या माणसाला खात्याच्या हिशेबात जागा नाही, ही त्यातली मेख होती.

जून १९७५ मध्ये संसदेच्या एका समितीच्या कामासाठी ते बंगळूरला गेले असता आणीबाणी जाहीर झाली. अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र यांच्यासह त्यांना तेथेच अटक झाली. बंगळूरच्या तुरुंगात ते आणि येरवड्याला त्यांच्या पत्नी प्रमिलाताई, असे दोघेही दीर्घकाळ बंदिवासात होते. सुटले ते निवडणुकीला उभे राहण्यासाठीच. मार्च १९७७ मध्ये जनता पक्षाचे सरकार आले आणि आमच्या राजापूरचा खासदार भारताचा रेल्वेमंत्री झाला. त्या रात्री पेठेत फटाके फुटले. अण्णांनी पेढे वाटले. "आता दोन वर्षांत गाडी दारात," असे जो तो म्हणू लागला.

ती दोन वर्षांत आली नाही, आणि याबद्दल दंडवत्यांना पुढे पुष्कळ बोल लावला गेला. त्यांनी मंत्री म्हणून काय केले ते पाहू. १९७४ च्या रेल्वे संपात बडतर्फ झालेल्या कर्मचाऱ्यांना त्यांनी कामावर परत घेतले. डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई-हावडा 'गीतांजली एक्सप्रेस' सुरू केली, जिच्यात पहिला-दुसरा असा वर्गभेदच नव्हता. आरक्षणाच्या संगणकीकरणाची प्रारंभिक पावले त्यांच्याच काळात पडली. आणि ज्या एका गोष्टीसाठी सामान्य प्रवासी त्यांचे नाव घेतात ती म्हणजे दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील गादी. तोवर दुसऱ्या वर्गात लाकडी फळ्या असत. दंडवत्यांनी त्यांवर दोन इंच जाडीचा फोम बसवण्याचा निर्णय घेतला. आपल्याला पहिला वर्ग खाली ओढायचा नसून दुसरा वर्ग वर उचलायचा आहे, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत.

कोकणासाठी त्यांनी आपटा ते रोहा हा टप्पा मंजूर केला. अंतर साठेक किलोमीटरचे. आमच्या बाजारात त्यावर उपहासाचा सूर निघाला. रेल्वेमंत्री आपला, आणि गाडी रोह्यालाच थांबणार! मलाही ते खटकले होते. आज विचार करता वाटते की, ज्याने सारी वर्षे विरोधी बाकावरून 'मंत्री आपापल्या मतदारसंघात गाड्या पळवतात' अशी टीका ऐकली आणि केली, त्याला एकदम सातशे किलोमीटरचा मार्ग स्वतःच्या दाराशी नेणे जड गेले असावे. परंतु रोह्याच्या मंजुरीला एक अर्थ होता. मुंबईच्या परिसरातला एक फाटा म्हणून जी रेषा आपट्याला थबकली होती, तिचे तोंड त्यामुळे दक्षिणेकडे वळले. जुलै १९७९ मध्ये सरकार कोसळले आणि मंत्रिपद गेले. रोह्यापर्यंतचा मार्ग १९८६ साली पूर्ण झाला, तेव्हा दंडवते पुन्हा विरोधी बाकावर होते.

कारण राजापूरने त्यांना सोडले नव्हते. १९८० मध्ये जनता पक्षाची वाताहत झाली, तरी ते निवडून आले. १९८४ मध्ये इंदिराजींच्या हत्येनंतरच्या लाटेत काँग्रेसने चारशेचा आकडा ओलांडला, भले भले पडले, तरी ते निवडून आले. माझे पहिले मत त्या निवडणुकीत पडले, कारण मतदानाचे वय तेव्हा एकवीस होते. ते मत मी दंडवत्यांना दिले, हे मुद्दाम नमूद करतो. ऑक्टोबर १९८४ मध्ये पश्चिम किनारा मार्गाच्या अंतिम सर्वेक्षणाचा निर्णय झाला, तो प्रथम मडगावच्या दक्षिणेकडील भागापुरता होता. मार्च १९८५ मध्ये त्यात रोह्यापर्यंतच्या टापूचाही समावेश झाला. १९८८ मध्ये दक्षिण रेल्वेने अहवाल दिला आणि त्यात या प्रकल्पाला 'कोकण रेल्वे' हे नाव पडले. सभागृहात पुन्हा पुन्हा प्रश्न विचारला गेला नसता तर हे कागद कोणत्या कपाटात राहिले असते, कोण जाणे.

मग १९८९ चा डिसेंबर उजाडला. योगायोग असा की रेल्वेमंत्री झाले मूळचे मंगळूरचे जॉर्ज फर्नांडिस, नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले उत्तर कन्नडचे रामकृष्ण हेगडे, आणि अर्थमंत्री झाले राजापूरचे मधु दंडवते. एकाच किनाऱ्याशी बांधलेली तीन माणसे, आणि रेल्वेची मंजुरी नेमकी ज्या तीन टेबलांवर अडते ती तिन्ही टेबले त्यांच्याकडे. (सराफ बंधूंना हेही आठवत असेल की १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला तो याच अर्थमंत्र्यांच्या कारकिर्दीत, १९९० मध्ये.)

तरीही पैशाचा प्रश्न होताच. रेल्वेच्या नेहमीच्या तरतुदीतून हा मार्ग करायचा म्हटला असता तर आणखी वीस-पंचवीस वर्षे सहज गेली असती. तेव्हा जी युक्ती काढली गेली ती मला व्यापारी म्हणून फार आवडते. स्वतंत्र कंपनी काढायची. भागभांडवल केंद्र आणि ज्या राज्यांना लाभ होणार त्यांनी मिळून घालायचे. आणि उरलेली मोठी रक्कम करमुक्त रोख्यांतून बाजारातून उभी करायची. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळाची नोंदणी झाली. रेल्वे मंत्रालयाचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. रेल्वे बोर्डावरून नुकतेच निवृत्त झालेले ई. श्रीधरन यांच्या हाती सूत्रे दिली गेली. १५ सप्टेंबर १९९० रोजी रोह्याला पायाभरणी झाली. पुढच्या दोन महिन्यांत तेही सरकार पडले, पण रचना अशी केलेली होती की सरकार पडूनही काम पडले नाही. अर्थमंत्र्याची सही आणि कारागिराची शिवण या दोहोंची परीक्षा धुतल्यानंतरच होते.

आता मला माझ्या रुखरुखीकडे वळले पाहिजे.

१९९१ च्या मे-जूनमध्ये निवडणूक आली. मी एकतीस वर्षांचा होतो. अण्णांनी दुकानाचे बरेचसे व्यवहार माझ्यावर सोपवले होते. पेठेत त्या दिवसांत दोन प्रकारची बोलणी चालत. एक म्हणजे, वीस वर्षे झाली, पायाभरणीचा दगड बसला, पण गाडी कुठे आहे? दुसरे बोलणे हलक्या आवाजात चाले. रेल्वे खरोखरच आली तर आपले काय? आज लग्नाचा बस्ता बांधायला गिऱ्हाईक आपल्याकडे येते, कारण मुंबईला जाणे म्हणजे दीड दिवसाचा छळ. उद्या रात्री गाडीत बसून ते सकाळी दादरला उतरेल, दिवसभर खरेदी करील आणि रात्रीच्या गाडीने परत येईल. मग आपण ताग्यांना घड्या घालत बसायचे. हे बोलणारे माझ्यापेक्षा वयाने मोठे आणि अनुभवी व्यापारी होते, आणि मला ते पटले होते. त्यात मंडल आयोग, जनता दलातील फूट, राजीव गांधींची हत्या, कोकणात वाढलेली शिवसेना, अशा अनेक गोष्टी होत्याच. मत गुप्त असते. पण त्या वेळी मी दंडवत्यांना मत दिले नाही, एवढे येथे सांगून टाकतो. निकाल लागला. काँग्रेसचे सुधीर सावंत विजयी झाले. ज्या माणसाने वीस वर्षे आगगाडीचा पाठपुरावा केला, त्याला ती रुळांवर येण्याआधीच आम्ही घरी पाठवले.

त्या रात्री जेवताना अण्णांनी मला विचारले नाही. त्यांनी विचारले असते तर मी खोटे बोललो असतो, हे त्यांना ठाऊक असावे. फक्त ताटावरून उठताना म्हणाले, "त्यांनी आपल्यासाठी केलं म्हणून नव्हे रे, पण त्यांनी केलेलं आपल्याला कळायला हवं होतं."

काम मात्र थांबले नाही. हजारो खातेदारांच्या जमिनी घेतल्या गेल्या. कोणाची कलमे गेली, कोणाचे घर गेले, आणि त्यांच्या त्यागाची नोंद आपण पुरेशी घेतलेली नाही. रोहा ते मंगळूरजवळील ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग, त्यावर सुमारे दोन हजार लहानमोठे पूल आणि नव्वदहून अधिक बोगदे. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा, तर पानवल नदीवरील पूल चौसष्ट मीटर उंच. दक्षिणेकडे मंगळूर-उडुपी टप्पा मार्च १९९३ मध्येच सुरू झाला. गोव्यात मार्गाच्या आखणीवरून वाद झाला. पेडण्याच्या बोगद्यात माती ढासळत राहिली आणि वेळ गेला. अखेर २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग राष्ट्राला अर्पण झाला. खर्च साडेतीन हजार कोटींच्या घरात गेला होता. रोख्यांच्या व्याजाचा बोजा महामंडळाला पुढे अनेक वर्षे वाहावा लागला, तेव्हा 'परतावा मिळणार नाही' म्हणणारे जुने हिशेबनीस अगदीच चूक नव्हते, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. जानेवारी १९९९ मध्ये भरलेले ट्रक रेल्वेच्या सपाट डब्यांवर चढवून नेण्याची 'रो-रो' सेवा कोलाडहून सुरू झाली. महामार्गावरच्या दरडींना रेल्वेने दिलेले ते उत्तर होते.

पेठेतल्या भीतीचे काय झाले? काही अंशी ती खरी ठरली. लग्नाचे मोठे बस्ते आता मुंबईला जातात, हे कबूल केलेच पाहिजे. आमच्या गाठी आजही बहुतांशी मालमोटारीनेच येतात. पण मुंबईचा चाकरमानी, जो पूर्वी गणपती आणि शिमगा एवढ्यापुरता येई, तो आता म्हातारीला बरे नाही म्हणून, आंबे काढायचे म्हणून, नुसता शनिवार-रविवार म्हणून येऊ लागला, आणि येताना खिसा घेऊन येऊ लागला. मला स्वतःला लाभ झाला तो वेगळाच. पूर्वी वर्षातून दोनदा मुंबईला जाऊन सहा महिन्यांचा माल भरून ठेवावा लागे. भांडवल फडताळात अडकून पडे. आता हवा तेव्हा जाऊन हवा तेवढाच माल आणता येतो. महाविद्यालयात मालाच्या उलाढालीचे प्रमाण म्हणून जे सूत्र पाठ केले होते, ते प्रत्यक्षात कळले ते रेल्वे आल्यावर. आपल्या बांधवांपुरते बोलायचे तर मूडबिद्री-कारकळच्या यात्रेला पूर्वी मिरज-हुबळीचा वळसा पडे. आता रात्री बसले की सकाळी उडुपी-मंगळूर.

गाऱ्हाणी आजही आहेत. मार्गाचा बहुतेक भाग एकेरी आहे. रोहा-वीर एवढ्याच टप्प्याचे दुपदरीकरण २०२१ मध्ये पूर्ण झाले. विद्युतीकरण २०२२ साली झाले, जून २०२३ मध्ये मुंबई-मडगाव 'वंदे भारत' आली. पण केरळकडे धावणाऱ्या अनेक गाड्या आमच्या स्थानकांना शिटी वाजवून निघून जातात, आणि गणपतीची आरक्षणे काही मिनिटांत संपतात. २०११ मध्ये सुरू झालेल्या महामार्गाच्या रुंदीकरणाची कथा तर सर्वांना तोंडपाठ आहे. ही गाऱ्हाणी सभागृहात मांडायची असतात, आणि ती मांडताना आकडे हातात लागतात. राजापूर हा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत नाहीसा झाला. मात्र या एकाच मतदारसंघाने देशाला दोन रेल्वेमंत्री दिले. येथूनच १९९६ पासून सलग निवडून गेलेले सुरेश प्रभू २०१४ मध्ये रेल्वेमंत्री झाले, तेव्हा मला दंडवत्यांचा १९७७ चा मार्च आठवला.

१९९१ नंतर दंडवते पुन्हा लोकसभेत दिसले नाहीत. १९९६ ते १९९८ या काळात ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. म्हणजे मार्ग पुरा झाला तेव्हा ते जनतेचे प्रतिनिधी नव्हते. पराभवाबद्दल कोकणच्या माणसांवर त्यांनी राग धरल्याचे माझ्या ऐकिवात किंवा वाचनात नाही. १२ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार देह जे. जे. रुग्णालयाला दान करण्यात आला.

१९९८ साली अण्णांना घेऊन मी प्रथमच कणकवलीहून रात्रीच्या गाडीने मुंबईला निघालो. त्यांना खालचा बाक दिला आणि मी मधल्यावर चढलो. खारेपाटण गेले, राजापूर गेले, बोगद्यांमागून बोगदे आले. समोरचा एक तरुण प्रवासी कुरकुरत होता की या गाद्या फार पातळ आहेत, पाठ दुखते. अण्णांनी त्याला काहीच उत्तर दिले नाही. त्यांनी आपल्या बाकाच्या कडेला अंगठा आणि तर्जनी लावली, कापडाचा पोत पाहतात तशी गादी दाबून पाहिली आणि वर माझ्याकडे पाहून म्हणाले, "दोन इंच. बरोबर आहे." मग चादर ओढून ते झोपले, ते थेट पनवेलला जागे झाले.